आल्फ्रेड वेब कोणत्या मतदारसंघाचे?

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, आरंभीच्या अध्यक्षांची ओळख करून देणारा जो लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झाला, त्यात १८९४ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब यांची बोळवण 'एक उदारमनस्क ब्रिटिश खासदार' एवढ्या शब्दांत केलेली आहे. वेब ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते, हे खरे. परंतु ते आयरिश होते, आयर्लंडला स्वराज्य मिळावे म्हणून लढणाऱ्या पक्षाचे होते आणि आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वॉटरफर्ड परगण्याच्या पश्चिम भागाने त्यांना निवडून दिलेले होते. 'उदारमनस्क' म्हटले की सारे श्रेय त्या गृहस्थाच्या स्वभावाला जाते, आणि ज्या जागेच्या बळावर तो गृहस्थ बोलत होता ती जागा वाचकाच्या दृष्टीआड होते. आज अस्तित्वात नसलेल्या त्या मतदारसंघाविषयी काही लिहावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

पश्चिम वॉटरफर्ड हा मतदारसंघ १८८५ मध्ये निर्माण झाला आणि १९१८ मध्ये संपला. या तेहतीस वर्षांत त्याला तीनच सभासद लाभले. त्यांची हकिगत मात्र १८८५ पासून सुरू करता येत नाही, कारण तेथील मतदाराने जमीनदाराविरुद्ध मान वर केली ती त्यापूर्वी जवळजवळ साठ वर्षे. त्या काळी वॉटरफर्ड परगण्याचे प्रतिनिधित्व म्हणजे बेरस्फर्ड या बड्या जमीनदार घराण्याची पिढीजात मिरास समजली जात असे. वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन ज्याच्या हाती असे, त्या कुळाला मत देण्याचा हक्क होता. पण मतदान उघड, तोंडी आणि जमीनदाराच्या कारभाऱ्यासमोर होत असल्यामुळे हा हक्क म्हणजे मालकाच्या नावाने हात वर करण्याची वेठच होती. १८२६ च्या निवडणुकीत आयरिश कॅथलिकांचे पुढारी डॅनियल ओकॉनेल यांच्या कॅथलिक असोसिएशनने आणि गावोगावच्या धर्मगुरूंनी या कुळांना संघटित केले आणि त्यांनी लॉर्ड जॉर्ज बेरस्फर्ड यांच्याविरुद्ध हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट या तरुण उमेदवाराला उघडपणे मते दिली. व्हिलियर्स-स्टुअर्ट स्वतः प्रॉटेस्टंट आणि जमीनदारही होते, पण कॅथलिकांना राजकीय हक्क मिळावेत या मताचे होते. मतदान चालू असतानाच बेरस्फर्ड यांनी माघार घेतली. दोन वर्षांनी क्लेअर परगण्यात स्वतः ओकॉनेल निवडून आले, आणि १८२९ मध्ये सरकारला कॅथलिकांसाठी पार्लमेंटचे दार उघडणारा कायदा करावा लागला.

या विजयाची किंमत कोणी मोजली, हे मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क देताना, त्याच वर्षी सरकारने आयर्लंडच्या परगण्यांतील मतदाराची पात्रता चाळीस शिलिंगांवरून (दोन पौंडांवरून) दहा पौंडांवर, म्हणजे पाचपटीने वाढवली. ज्या कुळांनी घरादारावर निखारा ठेवून वॉटरफर्ड आणि क्लेअर जिंकले, त्यांचीच मते काढून घेतली गेली. ओकॉनेल यांच्यासारख्या झुंजार पुढाऱ्याने हा सौदा पचवला, याचे मला आजही नवल वाटते.

याच व्हिलियर्स-स्टुअर्ट यांच्या ड्रोमाना या इस्टेटीच्या वेशीवर, फिनिस्क नावाच्या लहानशा नदीच्या पुलालगत, घुमट आणि मिनार असलेली चक्क हिंदुस्थानी धाटणीची कमान आहे. १८२६ मध्ये विवाह करून परतलेल्या मालकाच्या स्वागतासाठी कुळांनी प्रथम कागदाच्या लगद्याची तात्पुरती कमान उभारली होती आणि ती मालकाला इतकी आवडली की पुढे तिच्या जागी पक्के बांधकाम झाले, असे सांगितले जाते. मूळ विषयाशी तिचा संबंध नाही. परंतु पुढे ज्या भूभागाचा प्रतिनिधी मद्रासला येऊन अध्यक्षपदी बसला, त्याच भूभागात ही कमान असावी, हा योग नोंदवण्याजोगा वाटला.

वॉटरफर्ड परगण्याच्या पश्चिम भागातले मोठे गाव म्हणजे डंगार्वन हे बंदर. १८८५ पर्यंत डंगार्वनला पार्लमेंटात स्वतःची एक जागा होती, आणि त्या एका जागेवर जी माणसे बसून गेली ती एकमेकांहून फार निराळी होती. १८४१ ते १८५१ या काळात तेथील सभासद होते रिचर्ड लेलर शील. हे ओकॉनेल यांचे जुने सहकारी, फर्डे वक्ते आणि नाटककार. १८४६ च्या जुलैत व्हिग पक्षाचे मंत्रिमंडळ आले तेव्हा शील यांना सरकारी टांकसाळीच्या प्रमुखाचे पद मिळाले. त्या वर्षी आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक दुसऱ्यांदा नासले होते, माणसे उपाशी मरू लागली होती आणि बंदरांतून धान्य मात्र जहाजांत भरून बाहेर जात होते. सप्टेंबरअखेरीस डंगार्वनमध्ये ही निर्यात थांबवा म्हणून जमलेल्या भुकेल्या लोकांवर घोडदळाच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. गावाचा निवडलेला प्रतिनिधी त्या वेळी त्याच सरकारात पदावर होता. शील यांची आठवण इतिहासात राहिली ती निराळ्याच कारणाने: त्यांच्या कारकिर्दीत १८४९ साली निघालेल्या दोन शिलिंगांच्या नाण्यावर 'ईश्वरकृपेने' ही राणीच्या बिरुदातली अक्षरे गळाली आणि त्यावरून इंग्लंडात मोठा गदारोळ झाला. आमच्याकडे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील गावेच्या गावे ओस पडली, तेव्हा रेल्वेने धान्य कोठे जात होते याची चर्चा आपल्याच वृत्तपत्रसृष्टीत झालेली आहे. तेव्हा डंगार्वनच्या धक्क्यावरचा प्रसंग नागपूरच्या वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

शील यांच्यानंतर १८५२ ते १८६५ या काळात जॉन फ्रान्सिस मॅग्वायर यांनी डंगार्वनचे प्रतिनिधित्व केले. हे कॉर्क शहरातील एका प्रसिद्ध दैनिकाचे संस्थापक होते आणि कुळांच्या हक्काचा प्रश्न त्यांनी पार्लमेंटात लावून धरला. मात्र आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत ते शेवटचे सभासद फ्रँक ह्यू ओडॉनेल. १८७४ मध्ये ते गॉलवेतून निवडून आले होते, पण निवडणूक याचिकेत ती जागा गेली. १८७७ मध्ये डंगार्वनने त्यांना पुन्हा पार्लमेंटात पाठवले. त्याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेसंबंधीच्या विधेयकावर रात्रभर भाषणे करून सभागृह वेठीस धरणाऱ्या मूठभर आयरिश सभासदांत, पुढे आयरिश पक्षाचे नेते झालेल्या चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांच्या जोडीला हे ओडॉनेल होते. हिंदुस्थानचे प्रश्न पार्लमेंटात उपस्थित करण्याची त्यांना हौस होती आणि त्यासाठी लागणारी माहितीही त्यांच्याजवळ असे, कारण त्यांचे बंधू बंगाल प्रांतात सनदी नोकरीत असून सरकारवर टीका करण्याबद्दल प्रसिद्ध होते. ओडॉनेल स्वभावाने तिरसट. पार्नेल यांच्याशी त्यांचे कधीच जमले नाही. १८८५ मध्ये डंगार्वनची जागाच रद्द झाली आणि त्याबरोबर त्यांची पार्लमेंटातील कारकीर्दही संपली.

ही जागा रद्द झाली ती मोठ्या सुधारणेच्या ओघात. १८७२ च्या कायद्याने मतदान गुप्त झाले होते. १८८४ च्या कायद्याने खेड्यातल्या घरधारकाला, म्हणजे लहान कुळाला आणि बऱ्याच शेतमजुरांनाही, मत मिळाले. आणि १८८५ च्या पुनर्रचनेने लहान बरोंचे, म्हणजे डंगार्वनसारख्या स्वतःची जागा असलेल्या गावांचे, स्वतंत्र प्रतिनिधित्व मोडून परगण्यांचे एकसदस्यीय विभाग पाडले. वॉटरफर्ड परगण्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिमेत ब्लॅकवॉटर नदीच्या खोऱ्यातली लिझमोर, कॅपोक्विन आणि टॅलो ही गावे आली, आणि डंगार्वनही आले. १८२९ मध्ये ज्याच्या आजोबाचे मत गेले होते, त्याला ते आता परत मिळाले, आणि या वेळी कारभाऱ्याच्या नजरेआड, चिठ्ठीवर. नागपूरकरांनी २००८ च्या पुनर्रचनेत शहराच्या पाच विधानसभा मतदारसंघांचे सहा होताना पाहिलेले आहेत. सीमा कोठून कोठे गेल्या याची चर्चा आपल्याकडे तेव्हा पुष्कळ झाली, कोणाचे मत कोणाबरोबर मोजले जाणार याची त्यामानाने कमी.

नव्या मतदारसंघाचे पहिले सभासद जॅस्पर डग्लस पाइन. 'प्लॅन ऑफ कॅम्पेन' म्हणून ओळखल्या गेलेल्या चळवळीत कुळांनी एकत्र येऊन रास्त वाटेल तेवढाच खंड देऊ करावा आणि जमीनदाराने तो नाकारल्यास ती रक्कम लढ्याच्या निधीत जमा करावी, असे ठरलेले होते. १८८७ च्या दडपशाहीच्या कायद्याखाली या चळवळीतील सभासदांची धरपकड सुरू झाली, तेव्हा पाइन यांनी टॅलोजवळच्या लिस्फिनी या जुन्या किल्ल्यात स्वतःला कोंडून घेऊन पोलिसांना काही काळ हात चोळत बसवले. पुढे १८८८ मध्ये आयरिश समुद्र ओलांडताना बोटीवरून बुडून त्यांचा मृत्यू झाला.

आता वेब. १८९० च्या फेब्रुवारीतील पोटनिवडणुकीने ते या जागेवर आले. ते वॉटरफर्डचे नव्हते. डब्लिनमधील एका क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) मुद्रक घराण्यात १८३४ मध्ये त्यांचा जन्म झाला होता. वडील रिचर्ड डेव्हिस वेब हे गुलामगिरीविरोधी चळवळीचे आयर्लंडमधील एक आधारस्तंभ. गुलामीतून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मकथनाची डब्लिन आवृत्ती १८४५ मध्ये त्यांनीच छापली होती. अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ग्रंथ अर्पण केला, हे मराठी वाचकाला ठाऊकच आहे. त्याच चळवळीच्या वातावरणात आल्फ्रेड वेब लहानाचे मोठे झाले. मद्रासच्या भाषणात त्यांनी हे वळण स्वतः सांगितले आहे. अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्धच्या झगड्यात आपण वाढलो, जुलूम कोठेही झाला तरी आपल्याला त्याचा तिरस्कार आहे, आणि तो आपल्याच सरकारने केला तर अधिकच, कारण त्याची काही जबाबदारी आपल्यावरही येते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

तरीही वेब यांची निवड केवळ त्यांच्या चांगुलपणामुळे झाली असे मला वाटत नाही. डब्लिनच्या मुद्रकाला दूरच्या ग्रामीण मतदारसंघातून निवडून आणता येत होते, कारण आयरिश पक्षाची खेड्यापाड्यांतली संघटना त्या काळी इतकी पक्की होती की पक्षाने दिलेला उमेदवार कुळे आपला मानीत. हिंदुस्थानचा प्रश्न त्या कुळांसमोर कोणी मांडला असेल असे नाही. मात्र त्यांनी खंडाच्या आणि स्वराज्याच्या प्रश्नावर जे संख्याबळ पार्लमेंटात उभे केले, त्याच्याच आडोशाला हिंदुस्थानची बाजू मांडणाऱ्यांना जागा मिळाली. आयरिश कुळांच्या चळवळीचे पुढारी मायकेल डेव्हिट यांनी तर १८८३ च्या सुमारास दादाभाई नौरोजी यांनाच एखादी आयरिश जागा द्यावी, असे पार्नेल यांना सुचवले होते. पार्नेल यांना कल्पना पसंत पडली, पण आपल्या मतदारांना ती कशी समजावून सांगायची या विचाराने त्यांनी ती सोडून दिली. दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या मध्य फिन्सबरीतून अवघ्या काही मतांच्या आघाडीने निवडून आले ते लिबरल पक्षातर्फे, आणि तेथे त्यांचा वेब यांच्याशी सहवास घडला. मद्रासचे अध्यक्षपद वेब यांच्याकडे गेले ते दादाभाईंच्या पुढाकाराने.

मध्यंतरी आयरिश पक्षच दुभंगला होता. १८९० च्या अखेरीस ओशे घटस्फोट प्रकरणावरून (कॅप्टन ओशे यांनी पत्नीविरुद्ध लावलेल्या दाव्यात पार्नेल यांचे नाव गोवले गेले होते) पार्नेल यांच्या नेतृत्वाविरुद्ध पक्षातील बहुसंख्य सभासद उभे राहिले. १८९१ च्या ऑक्टोबरात पार्नेल वारले, तरी फूट राहिलीच. वॉटरफर्ड परगण्यात ती अगदी जवळून दिसते. शहराच्या जागेवर १८९१ च्या डिसेंबरात पार्नेल गटाच्या जॉन रेडमंड यांनी खुद्द डेव्हिट यांचा पराभव केला. त्याच डिसेंबरात आनंदाचार्लू यांच्या अध्यक्षतेखाली आपल्या नागपुरात राष्ट्रीय सभेचे सातवे अधिवेशन भरले होते. त्यानंतर १८९२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पश्चिम वॉटरफर्डने पार्नेलविरोधी गटातर्फे वेब यांना पुन्हा निवडून दिले. अध्यक्षपदी बसलेले वेब स्वतः फुटलेल्या पक्षाचे सभासद होते, ही गोष्ट मद्रासच्या मंडपातील जाणत्या प्रतिनिधींना माहीत असणार.

त्या अधिवेशनातील दोन ठरावांकडे आपल्या लेखकाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पहिला कापसासंबंधीचा. १८९४ च्या डिसेंबरात सरकारने आयात सुती मालावर पाच टक्के जकात बसवली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तोशीस लागू नये म्हणून हिंदी गिरण्यांतील वीस नंबरावरच्या सुतावर तेवढाच अबकारी कर लादला. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. तेव्हा मद्रासला झालेला या कराचा निषेध येथल्या गिरणीवाल्यांच्याही जिव्हाळ्याचा होता. दुसरा ठराव दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा मताधिकार हिरावून घेणारे विधेयक राणी सरकारने नामंजूर करावे, अशा मागणीचा. ज्यांच्या पूर्वजांनी एकदा मत गमावले होते त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असताना हा ठराव संमत झाला, हे मला सर्वांत लक्षणीय वाटते.

वेब यांनी १८९५ मध्ये राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी जेम्स जॉन ओशी आले. घटस्फोट प्रकरणातील ओशे ते वेगळे; मराठी लेखनात हा गोंधळ होण्याचा संभव आहे म्हणून सांगतो. हे व्यवसायाने वकील होते आणि शेतमजूर व लहान शेतकरी यांच्यासाठी १८९४ मध्ये स्थापन झालेल्या लँड अँड लेबर असोसिएशनचे चिटणीस होते. १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्जाच्या मदतीने कुळे जमिनीची मालक होऊ लागली. भूमिहीन मजुरांचा प्रश्न मागे राहिला तो १९०६ च्या कायद्याने थोडाफार सुटला आणि घरासह जमिनीचा लहान तुकडा देण्याची योजना वेगाने पुढे गेली. आपल्याकडील मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तेव्हा मजुराच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब कोणी जुळवून पाहिला तर तो उपयोगी ठरेल. ओशी तेवीस वर्षे सभासद राहिले आणि त्यांची कारकीर्द वेब यांच्याहून कितीतरी अधिक फलदायी झाली, तरी आपल्या इतिहासात त्यांचे नाव नाही.

१९१८ मध्ये पूर्व व पश्चिम हे विभाग एकत्र करून वॉटरफर्ड परगण्याची एकच जागा झाली. त्या डिसेंबरच्या निवडणुकीत, तीस वर्षांवरील पात्र स्त्रियांनी प्रथमच मत दिले असता, स्वतंत्र आयर्लंडची मागणी करणाऱ्या सिन फेन पक्षाच्या कॅहल ब्रू यांनी ओशी यांचा पराभव केला. ब्रू लंडनला गेलेच नाहीत. १९१९ च्या २१ जानेवारीला डब्लिनमध्ये भरलेल्या पहिल्या आयरिश लोकसभेच्या अध्यक्षस्थानी ते बसले, आणि १९२२ च्या जुलैत यादवी युद्धात मारले गेले. त्याच १९१८ च्या निवडणुकीत मध्य कॉर्क या शेजारच्या परगण्यातील मतदारसंघातून टेरेन्स मॅक्स्विनी बिनविरोध निवडून आले होते. कॉर्कचे महापौर असताना चौऱ्याहत्तर दिवसांच्या उपोषणानंतर १९२० च्या २५ ऑक्टोबरला ब्रिक्स्टनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला, आणि दोनच महिन्यांनी नागपूर काँग्रेसने त्यांच्या स्मृतीला अभिवादन करून आयरिश जनतेला सहानुभूतीचा संदेश पाठवणारा ठराव केला. असहकाराच्या ठरावापुढे तो झाकोळून गेला, हे स्वाभाविकच होते.

आपली लेखमाला पुढे पुस्तकरूपाने येणार असेल, तर अध्यक्षांच्या परिचयात एवढी दुरुस्ती अवश्य व्हावी. १८८८ चे अध्यक्ष जॉर्ज यूल व्यापारी होते, पार्लमेंटचे सभासद कधीच नव्हते. विल्यम वेडरबर्न १८८९ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा सभासद नव्हते, ते बॅन्फशायरमधून १८९३ मध्ये निवडून आले आणि १९१० मध्ये पुन्हा अध्यक्ष झाले तेव्हा सभासदत्व सोडून दहा वर्षे झाली होती. हेन्री कॉटन १९०४ चे अध्यक्ष, ते पूर्व नॉटिंगहॅममधून १९०६ मध्ये सभासद झाले. म्हणजे या चौघांपैकी अध्यक्षपदावर असताना पार्लमेंटचे विद्यमान सभासद असलेले एकटे आल्फ्रेड वेबच. त्यांच्या नावापुढे 'ब्रिटिश खासदार' याऐवजी 'आयरिश स्वराज्य पक्षाचे सभासद, पश्चिम वॉटरफर्ड, १८९० ते १८९५' असे छापले जावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक
धरमपेठ, नागपूर